माझ्या दारात आलाय

“तुमच्या दादाला मारलं वो, वन्सं...” वहिनी फोनवर एवढंच बोलली. मला वाटलं, अरबस्तानात एवढा मार खाऊन आलेल्या माणसाला वडीगोद्रीत कोण मारणार? कसलं काय! मी जालन्याहून पोहोचेपर्यंत माझा थोरला भाऊ संपला होता. डोक्यात काठी बसली होती. महिना उलटून गेला तरी माझा संताप काही उतरत नाही. नेमका कुणावर आहे तेही कळत नाही, म्हणून लिहायला बसले.

आम्ही मेंढपाळ. दादा तरणा असताना एका एजंटानं त्याला ड्रायव्हरचं काम सांगून तिकडं नेलं आणि वाळवंटात मेंढरांमागं लावलं. “तिथली मेंढरं माझं ऐकंनातच गं,” तो सांगायचा. “मराठीत हाकलं तर नुस्ती बघत उभी. अरबीत हाकलं की बराबर चालू!” अशी त्याची अरबी मेंढरांपासून सुरू झाली. माणसांची अरबी शिकवली सोबतच्या सुदानी गड्यानं. परत आल्यावर दादा आम्हालाच शिकवायला बसायचा. अरबी एक नसते म्हणे. आखाताकडचा माणूस खुशाली विचारताना ‘श्लोनक’ म्हणतो, म्हणजे तुझा रंग कसा आहे. इजिप्तचा ‘इझ्झयक’ म्हणतो. बातम्यांमधली अरबी आणखी तिसरीच, ती घरात कुणीच बोलत नाही. घशाच्या तळातून काढायचे आवाज तो काढून दाखवायचा, तेव्हा वहिनी विचारायची, “वकारी आली का काय?” “तुमी रोज अरबीच बोलून राह्यले,” तो म्हणायचा. खर्च, हिशोब, गरीब, खबर, वकील... सगळे शब्द तिकडून चालत आलेले. “तुला अक्कल न्हाई, हे सांगायलाबी अरबीच लागती बघ,” असं मला म्हणून स्वतःच खो खो हसायचा.

मालक मात्र मारकुटा होता. एकदा एक कोकरू मेलं म्हणून त्यानं दादाला लोखंडी नळीनं बडवलं. दोन बोटं मोडली, ती शेवटपर्यंत वाकडीच राहिली. दादा जीव घेऊन पळाला. सुदानी गड्यानं सांगून ठेवलं होतं, जिवावर बेतलं तर दिसेल त्या तंबूत घुस, खांब धर आणि म्हण, ‘अना दखीलक’. मी तुझ्या आसऱ्याला आलोय. आपण दवाखान्यात दाखल होतो, त्याच घराण्यातला हा शब्द. दादानं खांबाला मिठी मारली आणि ओरडला. तंबूतला म्हातारा निघाला मालकाचाच सख्खा भाऊ! दादाला वाटलं, झालं, आता दोघं मिळून मारणार. पण म्हातारा उठला आणि तंबूच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. मागोमाग आलेल्या भावानं शिव्या दिल्या, ढकललं, शेवटी नळी त्याच्या तोंडावर घातली. दात पडले, पांढरी दाढी रक्तानं भिजली. म्हातारा जागचा हलला नाही. “मला नावबी इचारलं न्हाई गं त्यानं,” एवढं बोलून दादा रडायचा. दर वेळी रडायचा.

हीच रीत तो गावी घेऊन आला. त्या दुपारी हायवेवर एक ट्रक त्याच्या कळपात घुसला. मेंढरं चिरडली, डांबरावर आतडी पसरली. दादा ऊर बडवून घेत होता. भावकीतली पोरं काठ्या घेऊन धावली, ड्रायव्हरला खाली ओढलं, त्याचं तोंड फोडलं. तो कसाबसा सुटला आणि समोर दिसलं त्या घरात शिरला. घर दादाचंच. दादा दारात आडवा झाला. पुढचं वहिनीनं सांगितलं.

“सरका काका! तुमचीच मेंढरं मारली ना त्यानं?”

“मेंढरं माझीच व्हती. आता ह्यो माणूसबी माझाच. माझ्या दारात आलाय.”

काठ्या थांबल्या नाहीत. ड्रायव्हर मागच्या दारानं निसटला, वाचला. दादा उंबऱ्यावरच पडला... अरे, कुठल्या मुलखाची रीत आणि कुठं पाळायला गेलास! त्या म्हाताऱ्याचे दात गेले, तुझा जीव गेला की रे दादा!

काठी कुणाची, पोलिसांपुढं कुणी बोलेना. पण चुलतभावाचा विलास त्याच दिवशी गावातून गायब झाला, तेव्हा सगळे समजले. तेराव्याला पंगत बसणार, तेवढ्यात तोच धावत अंगणात आला. शर्ट फाटलेला, कानातून रक्त. मागून पोरं, त्या दुपारी त्याच्याच बरोबर काठ्या घेऊन धावलेली. आता ‘काकाचा खुनी’ म्हणत त्याच्यावर उठली होती. त्यानं वहिनीचे पाय धरले. “काकू, मारून टाकतेत मला...” अरबीचं एक अक्षर त्याला येत नव्हतं. मी अंगणातला दगड उचलला. खरं सांगते, त्याच्या डोक्यातच घालणार होते.

वहिनी त्याच्याकडं बघत राहिली. वाटलं, आता थुंकेल. ती म्हणाली, “ऊठ. आदी पानी पी. मंग मी तुला ठाण्यात नेते.” मग पोरांकडं वळून म्हणाली, “तितं काय व्हायचं ते व्हईल. वाटंत कुनी ह्याला हात लावला तर मला लावला.”

“वहिनी, त्यानं दादाला मारलंय!” मी किंचाळले.

“मला ठावं न्हाई का, वन्सं? कुकू माझं पुसलंय.”

ती पुढं चालली, तो तिच्या मागं, मान खाली घालून. पोरं एकेक करून बाजूला झाली. मीही झाले. पण दगड माझ्या हातातच होता. मारवेना, आणि टाकवेनाही.