रविवारी दुपारी आई माळावर जायच्या

रविवारी दुपारी जेवणं उरकली की टेबल पुसून घ्यायचं, त्याच्याभोवती बसायचं आणि खजिना शोधायला निघायचं, असा आम्हा चौघांचा शिरस्ता होता. चौघं म्हणजे मी, माझा नवरा, त्याचा शाळेपासूनचा मित्र आणि माझ्या कॉलेजात इंग्रजी शिकवणारी माझी मैत्रीण. सगळ्यांचीच चाळिशी उलटलेली. मित्र विणकरांच्या घरातला, घरी तेलुगू बोलणारा. टॉवेलचे माग चालवायचा. मैत्रीण घरी दखनी बोलायची, वर्गात इंग्रजी, आणि आमच्याकडे आली की सगळंच एकत्र.

खेळ तसा साधा. एकानं गोष्ट चालवायची, म्हणजे तुम्ही कुठं आलात, समोर काय दिसतंय ते सांगायचं. बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं आणि आपण आता काय करणार ते बोलायचं. ते जमलं की फसलं हे फासा ठरवायचा. वीस बाजूंचा, लिंबाएवढा फासा. आकडा मोठा पडला तर जमलं, लहान पडला तर फजिती. गोष्ट चालवायचं काम माझ्याकडे होतं. मी इतिहास शिकवते आणि वर्गात कुणी ऐकत नाही, म्हणून ती हौस इथं भागवून घेते, असं नवरा म्हणायचा.

सासूबाई, म्हणजे आई, त्या हिवाळ्यात आमच्याकडे राहायला आल्या. त्या मंगळवेढ्याच्या. सासरे गेल्यावरही तिथलं घर सोडायला तयार नव्हत्या, पण डोळ्यांनी नाइलाज केला. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू, आणि तो कळला फार उशिरा. बाजूचं दिसणं आधी गेलं. आता समोरचं तेवढं, नळीतून पाहावं तसं उरलं होतं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, गेलेलं परत येणार नाही; थेंब नियमित घातले तर आहे ते टिकेल, आणि कदाचित तेही टिकणार नाही.

आई दिवाणावर भिंतीला टेकून बसून राहायच्या. टीव्ही लावला तर बंद करायला सांगायच्या. मालिकेत निम्मा वेळ नुसतं वाजत असतं, कोण कुणाकडं बघतंय ते मला कसं कळणार, असं त्यांचं म्हणणं. शेंगा फोडायला दिल्या की तेवढ्या फोडायच्या. आम्ही खेळत असलो तरी त्या तिथंच असायच्या, पण त्या ऐकत असतील असं काही आमच्या मनात आलं नव्हतं.

एका रविवारी गोष्टीतली आमची तुकडी नदीपाशी येऊन अडली होती. पलीकडे जायचं कसं यावर तिघांचा वाद चालला होता. मित्राला तराफा बांधायचा होता, नवऱ्याला दोर टाकायचा होता. बराच वेळ तेच चाललेलं. तेवढ्यात दिवाणावरून आवाज आला.

"नदीला पाणी हाय का पर?"

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मी नुसतं 'नदी' म्हणाले होते. पाण्याचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी थोडा विचार केला आणि गुडघाभर आहे म्हणून सांगितलं.

"मग चालत जावा की," आई म्हणाल्या, आणि पुढची शेंग फोडली.

आम्ही पोट धरून हसलो. त्याही हसल्या. मैत्रिणीनं उठून त्यांच्यासाठी खुर्ची ओढली आणि "काकू, तुम्ही इथं या बघू" म्हणत हात धरून त्यांना टेबलाशी आणून बसवलं.

आता त्यांना गोष्टीतलं कुणीतरी व्हायला हवं होतं. मित्रानं सगळे पर्याय समजावून सांगितले. लढणारा, जादू करणारा, गाणी म्हणून लोकांना वश करणारा. मग म्हणाला, जखमा बऱ्या करणारं माणूस आमच्यात नाही, काकूंनी ते व्हावं. आईंनी मान हलवली. आजवर सगळ्यांची दुखणीखुपणीच काढली, आता ते नको, म्हणाल्या. सगळ्यांत पुढं कोण चालतं, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, वाटाड्या. तो रस्ता शोधतो, माग काढतो.

"त्याला लांबचं दिसतं?"

"लांबचं दिसतं. अंधारातलंसुद्धा दिसतं."

"मग त्योच द्या मला."

नवरा पाणी आणायला म्हणून आत गेला आणि जरा वेळानं रिकाम्या हातानंच परत आला.

त्यानंतर माझं काम अवघड झालं. इतके दिवस मी 'तुम्ही घनदाट जंगलात शिरता' असं म्हणून मोकळी व्हायचे. माझ्या जंगलात देवदार असायचे, बर्फ असायचा, सगळं इंग्रजी पुस्तकांतून उचललेलं. आईंना ते चालेना. देवदार कसा असतो, त्याखाली बसलं तर सावली पडते का, खाली काटे असतात का, एवढं सगळं त्यांना हवं असायचं. मला स्वतःलाच माहीत नसायचं. शेवटी मी आमची तुकडी डोंगरातून खाली उतरवली आणि माळावर आणली. सोलापूरच्या चहूबाजूंना असतो तसा माळ. बोरी, बाभळी, तरवड, मुरूम, वाळलेलं गवत.

तेही सोपं नव्हतं. माझा जन्म या शहरातला, पण मी तो माळ कधी नीट पाहिला नव्हता. मग शनिवारी कॉलेज सुटलं की मी स्कूटर काढून शहराबाहेर जायला लागले. कुठंतरी थांबायचं आणि बघायचं. बाभळीच्या शेंगा पिकल्यावर कोणत्या रंगाच्या होतात. गवतावरून वारा जातो तेव्हा एकदम सगळं हलतं की लाटेसारखं पुढं पुढं हलत जातं. एकदा कोल्ह्याहून लहानसं खोकड दिसलं. माझ्याकडे बघत उभं राहिलं, शेपटीचं टोक काळं, आणि मग काही घाई नसल्यासारखं निघून गेलं. दुसऱ्या दिवशी ते खोकड मी गोष्टीत घातलं. आईंनी त्याच्याबद्दल एवढं विचारलं, की त्या दुपारी खजिन्याच्या दिशेनं आमची काहीच वाटचाल झाली नाही. मित्र कंटाळून टॉवेलच्या ऑर्डरींचे फोन घेत बसला. आई मात्र डोळे मिटून ऐकत होत्या. त्या चेहऱ्यासाठी मी आणखी दहा खोकडं शोधली असती.

मला वाटलं, यांना खरंच माळावर न्यावं. एका सकाळी स्कूटरवर मागं बसवून घेऊन गेले. छान ऊन होतं. त्यांचा हात धरून गवतातून थोडं चालवलं, एका दगडावर बसवलं. चंडोल वर जाऊन गात होता. मी सांगायला लागले, इकडं हे आहे, तिकडं ते आहे. त्यांनी मान वळवून वळवून बघायचा प्रयत्न केला. त्यांच्या त्या उरलेल्या नळीत काय सापडत होतं कोण जाणे. थोड्या वेळानं साडीच्या काठाला चिकटलेली कुसळं एकेक करून काढत बसल्या.

"चल, जाऊ घरी," त्या म्हणाल्या.

दमलात का, असं मी विचारलं.

"दमले न्हाय गं. हितं मला काय दिसंना. घरी टेबलावर बसलं की समदं दिसतं."

हे त्या तक्रारीच्या सुरात म्हणाल्या नाहीत. मी त्यांना उठवलं, स्कूटरवर बसवलं. परत येताना त्यांनी माझ्या पोटाभोवती हात घट्ट धरले होते.

फाशाचे आकडे आईंना वाचता यायचे नाहीत. त्या फासा टाकायच्या आणि शेजारी बसलेला नवरा वाचून सांगायचा. आईंचं नशीब जोरावर होतं. अठरा, सोळा, एकोणीस. त्यांचा वाटाड्या कड्यावरून उड्या मारायचा, सापाला शेपटी धरून फेकायचा. मला शंका यायला हवी होती, पण मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसायचे, शिवाय मलाही ते आवडतच होतं. मित्राला मात्र ते कळलं होतं. एकदा नवऱ्यानं "सतरा" म्हटल्यावर त्याला खोकल्याची उबळ आली, आणि ती काही खरी वाटली नाही.

आईंनी फासा हातात घेतला, मैत्रिणीपुढं धरला आणि आता तू वाच म्हणाल्या. पुन्हा टाकला. मैत्रिणीनं वाकून पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं.

"चार, काकू."

"आन् मगाचा किती हुता?"

नवरा कबूल झाला. मगाचा तीन होता. आधीचेही बरेचसे तसलेच.

मला वाटलं त्या चिडतील. त्यांनी चाचपडत त्याचा हात शोधला आणि त्यावर आपला हात ठेवला. "तुला वाटलं मी पडंन म्हणून," त्या म्हणाल्या. "बाळा, मी घरात रोज पडायला भितीय. भिंत धरून चालतीय. हितं तरी पडू दी की मला."

नवऱ्यानं मान खाली घातली. एवढा मोठा माणूस, पण आईनं हात काढला नाही तोवर त्यानंही काढला नाही.

मग मी त्या चारचं काय झालं ते सांगितलं. वाटाड्याच्या पायाखालचा मुरूम सुटला आणि तो घसरत ओढ्यात गेला. पाय मुरगळला, कोपरं सोलवटली, वर बोरीच्या काट्यांत अडकला. आई इतक्या खूश झाल्या, की काटे कुठं कुठं टोचले तेही त्यांनी विचारून घेतलं. पुढं फासा मैत्रीणच वाचायची, आणि ती परीक्षेचे पेपर तपासते त्याच कडकपणानं वाचायची.

उन्हाळा लागता लागता आम्ही खजिन्यापाशी पोचलो. एका जुन्या बारवेच्या तळाशी, कपारीत तो होता, आणि कपारीच्या तोंडाशी एक लांडगी पिलं घेऊन बसली होती. मित्राची तलवार लगेच बाहेर आली. आईंनी त्याला थांबवलं. पिलांची आई आहे, भूक लागली की जाईल, आपण बसू, असं त्या म्हणाल्या. आणि त्यांनी आम्हाला खरोखर बसवलं. चहा झाला, कलिंगड कापून झालं, तरी लांडगी जागची हलेना, कारण दर वेळी फासा लहान पडत होता. शेवटी ती गेली. आम्ही आत शिरलो, हाताला लागलं तेवढं पोत्यात भरलं, आणि ती परत येताना दिसल्यावर जीव घेऊन पळालो. त्या पळण्यात आईंचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

वाटण्या करायची वेळ आली तेव्हा मला वाटलं होतं, त्या आपला वाटा आम्हाला देऊन टाकतील. वयस्क माणसं असंच करतात अशी माझी समजूत. पण त्यांनी सगळ्यांत पुढं मी चालले म्हणून मोठा वाटा मागितला, मित्राशी चांगली घासाघीस केली आणि घेतला. त्यातून त्यांनी एक काळा घोडा विकत घेतला. उरलेल्या सोन्याचं काय करणार, असं नवऱ्यानं विचारलं, तर ते सुनेलासुद्धा सांगणार नाही म्हणाल्या.

त्या उन्हाळ्यातच त्यांचं उरलंसुरलं दिसणं गेलं. एका दिवसात नाही गेलं. एकदा त्यांनी दुपारी दिवा लावायला सांगितला, मग काही दिवसांनी तेही सांगायचं बंद केलं. आम्ही डॉक्टरांकडे जाऊन आलो. येताना रिक्षात त्या मधे, नवरा आणि मी त्यांच्या दोन बाजूंना. पुढं आठवडाभर त्या कुणाशी फारशा बोलल्या नाहीत. जेवायला बसायच्या, ताटात कुठं काय वाढलंय ते मी सांगायचे, त्या हं म्हणायच्या. शेंगा दिल्या तर बाजूला ठेवायच्या. रविवारचा खेळ या वेळी नको, असं मी मित्राला आणि मैत्रिणीला कळवलं.

रविवारी जेवणं झाल्यावर आई भिंत धरत टेबलापाशी आल्या. आज कुणीच कसं आलं नाही, विचारलं. मी सांगितलं, या वेळी राहू दे म्हटलं, शिवाय खजिना मिळाला, गोष्ट संपली. माझ्याकडे नवीन काही नव्हतंही.

"तुझी संपली," त्या म्हणाल्या. "बोलीव त्यास्नी. आज मी सांगती."

दोघं तासाभरात आली. आई माझ्या खुर्चीत बसल्या, पदर सारखा केला. मी त्यांच्या जागी, मैत्रिणीच्या शेजारी बसले. मला या बाजूला बसायची सवय नव्हती. हातांचं काय करावं ते कळेना.

त्यांनी सुरुवात केली. आम्ही चौघं दिवसभर चालून एका गावात पोचलो आहोत. गावात माणूस नाही. पण चुली पेटलेल्या आहेत, एका तव्यावर भाकरी आहे, आणि ती अजून करपलेली नाही. ओट्यावर कुणीतरी ज्वारी पाखडता पाखडता सूप तसंच टाकून गेलंय. गल्लीच्या टोकाला एक घर आहे, त्याचं दार निळं. निळं म्हणजे कसं, असं मी विचारलं. त्यांनी थोडा विचार केला. नवं दिलेलं न्हवं, म्हणाल्या, उन्हानं उडालेलं, कडीपाशी हात लागून लागून लाकूड दिसाय लागलंय असं.

मित्रानं तलवार काढली नाही. भाकरी उलटावी का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, तुझ्यावर हाय.

तिन्हीसांजेपर्यंत आम्ही त्या गल्लीतच होतो. मैत्रिणीला घरी जायचं होतं म्हणून थांबलो, नाहीतर थांबलो नसतो. आईंना हात देऊन उठवताना नवऱ्यानं हळूच विचारलं, त्या निळ्या दाराच्या आत आहे तरी काय.

"मला काय ठावं," त्या म्हणाल्या. "मी तरी आजून कुटं आत गेलीय?"