सकवार आत्याच्या होळिग्या आणि कारखान्याची टीम

चामराजपेटेत अशी वदंता आहे की आमची सकवार आत्या कारखान्याच्या बास्केटबॉल टीमची छुपी हेर आहे. ती ज्या पोरावर बोट ठेवते त्याला कारखाना उचलतो आणि खेळाच्या जोरावर कायमची नोकरी देतो, म्हणे.

साफ खोटं. आत्याला बास्केटबॉलमधलं एवढंच कळतं की टोपलीला बूड नाही. "नवी का घेत नाहीत रे ही माणसं?" असं ती प्रत्येक सामन्याला विचारते. मैदानावर ती येते ती स्थळं बघायला. लग्नं जुळवणं हा तिचा उद्योग, आणि कारखान्यात लागलेल्या पोराच्या दारात मुलींचे बाप चपला झिजवतात.

बासष्ट साली कारखान्याला एकच पोरगा हवा होता आणि आत्याला आमच्या शालनअक्कासाठी एकच नवरा. दोघांची नजर त्याच दोघांवर. उंच पिराजी आणि बुटका मालोजी. अक्काच्या मनात मालोजी होता. पण बाबांनी बजावलेलं, ज्याला नोकरी त्याला मुलगी.

मैदानाकडेच्या झाडाखाली रोज वाद. पोस्टातून रिटायर झालेले आप्पाजीकाका घसा खाकरल्याशिवाय भविष्य सांगत नाहीत.

"ख्खं. पिराजी दोन वर्षांत म्हैसूर स्टेटकडून खेळणार. हात वर केला की टोपली हाताशी. ख्खं."

"आणि मालोजी?" मी विचारलं.

"चपळ आहे. स्वल्प चपळ. पण उंची काय मार्केटात मिळते?"

आत्या पान लावता लावता नाकातून म्हणाली, "मालोजीच लागणार."

"कशावरून गं?"

"मी म्हणते म्हणून."

मी पैज लावली. पिराजी लागला तर आत्यानं नऊवारी खोचून सगळ्यांसमोर टोपलीत बॉल टाकायचा. मालोजी लागला तर मी गल्लीभर तिची नक्कल करत फिरते, ती कायमची सोडायची.

"सरी, ठरलं," आत्या म्हणाली.

निवड रविवारी दुपारी. त्याच सकाळी आत्यानं पिराजीला मुलगी बघायला आणि जेवायला बोलावलं. मला वाटलं, म्हातारी घाबरून फिरली. जेवायला होळिग्या, म्हणजे इकडच्या पुरणपोळ्या. आता आमच्यात पाहुण्याचं 'नको' कुणी खरं धरत नाही, आणि होणाऱ्या सासरी ताटात काही टाकता येत नाही.

"एवढी घे रे, माझी शपथ. बरं, ही शालनच्या हातची. तिला वाईट वाटेल हो."

पिराजी बिचारा सभ्य. वाढायला अक्का होती. तुपाची धार धरताना तिचा हात इतका सैल मी कधी पाहिला नव्हता.

दुपारी पिराजी मैदानात उभा राहिला तो उभाच. उडी मारायला टाचा उचलल्या, पोट धरलं आणि टाचा हळूच परत ठेवल्या. मालोजी त्याच्या काखेखालून जाऊन बॉल टाकत राहिला. कारखान्याच्या साहेबांनी मालोजीलाच घेतलं.

"ख्खं," आप्पाजीकाका म्हणाले. "मी म्हणतच होतो. चपळाई."

घरी येताना मी आत्याला म्हणाले, "ही लबाडी झाली."

"पाहुण्याला पोटभर वाढलं, ही लबाडी?"

"तो नको म्हणत होता."

"सगळेच म्हणतात."

पुढे अक्काच्या लग्नात पिराजी आला, पण होळिगी बघून पंगतीतून उठला. पैज मी हरले ती हरलेच. नक्कल बंद आहे. लिहायचं नाही, असं मात्र ठरलं नव्हतं.