आधीचं नाव

आमच्या संगणकाचा पडदा आणि यंत्र एकाच पेटीत आहेत, त्यातलं काहीच सुटं होत नाही. जुनी सिस्टीम फार रखडायला लागली, म्हणून आज ती पुसून मी लिनक्स घातलं. फुकट मिळणारं, कुणीही उघडून बघावं, बदलावं असं. त्याने संगणकाचं नाव विचारलं, मी ‘चाफा’ लिहिलं. तरी सुरू करताना जुन्या कंपनीचं चिन्ह क्षणभर उमटतंच. पेटी तीच आहे ना!

लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने माझं नवं नाव लिहिलं गेलं, मला न विचारता. सगळ्यांनी पेढे खाल्ले. अजूनही मंडईत कुणी ‘वैशाली’ अशी हाक मारली, की माझी मान वळते. हाक दुसऱ्याच कुणाला असते. मग मी भाजीची पिशवी उचलते आणि मृणाल होऊन घरी येते.

सासूबाई मागे उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, “चाफा छान आहे गं. पण याचं आधीचं नाव काय होतं?”

या घरात हा प्रश्न पहिल्यांदाच कुणीतरी विचारला होता. संगणकाबद्दल.