हत्तीच्या डॉक्टरीणबाई आणि माझं इंजेक्शन

मंडळी, आज सकाळी बाल्कनीच्या गंजक्या जाळीने माझा हात कापला. म्हणजे धनुर्वाताचं इंजेक्शन आलंच! चाकणला कंपनीत दिवसभर पत्र्याशी झुंजतो मी, पण सुई दिसली की आधी दार शोधतो.

बायको कामावर गेलेली. त्यामुळे निगडीच्या दवाखान्यात सोबतीला आमची पाच वर्षांची यशू आणि तिचा कापडी हत्ती.

डॉक्टर म्हणाले, "अजिबात दुखणार नाही."

"दुखतं," यशू ठामपणे म्हणाली. "पण लगेच संपतं. बाबा, सुईकडे नाही, माझ्याकडे बघ. रडलास तरी चालेल."

घरी हत्तीला पेनाच्या टोपणाने टोचताना ती हेच बोलत असते. मला वाटायचं, पोरगी नुसती खेळतेय. अहो, तिचा सराव चालला होता!

मी तिच्याकडे बघत राहिलो. तरी "आई गं!" निघालंच. तिने हत्ती माझ्या कुशीत कोंबला आणि पाठ थोपटली. बाहेरचे पेशंट हसत होते, पण खरं सांगतो, भीती निम्मी झाली.

संध्याकाळी तिने आईला सांगितलं, "बाबा रडला नाही, फक्त ओरडला. आता त्याला मऊ भात."

सध्या तीच भरवतेय. तुमच्या घरच्या डॉक्टरीणबाई डिस्चार्ज कधी देतात हो?