तिसऱ्या अंकातली सून

मिक्सरमध्ये चटणी अर्धीमुर्धी फिरली आणि वीज गेली. क्षिप्रानं कपाळाला हात लावला. नवरा यतीन कधीच ऑफिसला गेला होता, लेक वैभवी शाळेत. घरात उरले होते ती आणि तिचे सासरे, अंबादास. ते बेसिनपाशी उभे राहून मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत होते. आज बुधवार. बुधवारी अकरा वाजता त्यांना बाई व्हायचं असे, आणि त्यासाठी गळा साफ लागे.

दारावर थाप पडली.

दारात विनय होता, हेल्मेट काखेत, नाक थंडीनं लाल. सासऱ्यांच्या जुन्या मित्राचा, विश्वासकाकांचा मुलगा. त्यांच्या फरिदाबादहून इथलं इंदिरापुरम म्हणजे काही शेजार नव्हे.

"अरे विनय! जय भीम!" अंबादास टॉवेलनं तोंड पुसत आले. "बुधवारी तू कसा काय? अर्ध्या तासात मला तुझ्या बापाला फोन लावायचाय. आज पुन्हा घराबाहेर काढणार आहे तो मला."

"जय भीम काका. त्याबद्दलच आलोय," विनय म्हणाला. हसला नाही.

चहा टाकताना क्षिप्राला तेच खटकत राहिलं. या वाक्याला हसायचं, हे दोन्ही घरांत ठरलेलं होतं.

अंबादास आणि विश्वास एकाच वर्षी विदर्भातून दिल्लीत नोकरीला आले आणि सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरांत वर-खाली राहिले. तिथली मराठी मंडळी थंडीत मंडप घालून नाटक करत, आणि नाटक दरवर्षी त्याच एका नाटककाराचं, शंभर वर्षांपूर्वीच्या. एका वर्षी प्रयोगाला आठ दिवस असताना नायिकेच्या नवऱ्याची बदली झाली. अंबादास विंगेतून वाक्यं पुरवायचे. सगळं पाठ, आवाज बारीक. नेसवलं लुगडं आणि दिलं ढकलून. विश्वास झाले सासरा. नाटकात थोरल्या सुनेवर चोरीचा आळ येतो आणि तिसऱ्या अंकात सासरा तिला घरातून हाकलतो. "नाटकातल्या त्या चौसोपी घरात आपल्याला अंगणातसुद्धा उभं केलं नसतं," विश्वासकाका म्हणायचे, "म्हणून सासरा मीच होणार. आता बघू यार, कोण कोणाला बाहेर काढतं!"

निवृत्तीनंतर दोघं दिल्लीच्या दोन टोकांना गेले आणि नाटक फोनवर आलं. क्षिप्रा नवी नवरी होती तेव्हा तिला वाटलं होतं, म्हातारा चळला. स्पीकरवर कुणी गडी गरजतोय आणि आपले सासरे बाईच्या आवाजात रडतायत! मग ती मेथी निवडायला त्यांच्याजवळ बसू लागली. मग मेथी नसली तरीही. उंबरा ओलांडताना ती सून एवढंच म्हणते, 'कडी हळू घाला, मामंजी. पाळण्यातला आत्ताच निजलाय.' पुढे हे वाक्य घराचंच होऊन गेलं. यतीननं फ्रिज आपटला की कुणीतरी म्हणणारच, कडी हळू घाला मामंजी. मामंजी म्हणजे सासरा, हे दिल्लीत वाढलेल्या वैभवीला ठाऊक नव्हतं. कितीतरी वर्षं तिला ते दाराचंच नाव वाटायचं.

गेल्या वर्षी विश्वासकाका विसरायला लागले. आधी चष्मा, मग रस्ता, मग आपली बायको वारली आहे हे. तिसरा अंक तेवढा शाबूत राहिला. दर बुधवारी ते तिथूनच सुरू करत आणि अंबादास मुकाट्यानं पुन्हा घराबाहेर जात. "बाकी गेलं, एवढं तर राहिलंय," असं म्हणत फोन ठेवत, आणि त्या दिवशी एक पोळी जास्त खात.

विनयनं कप हातात धरला, पण तोंडाला लावला नाही.

"काका, फोन बंद करावा लागेल."

"रिचार्ज संपलंय का? मी टाकतो की."

"तसं नाही. बुधवारचा तुमचा फोन." त्यानं कप खाली ठेवला. "फोन संपला की पप्पा उठतात. ते नाटक होतं, हे डोक्यात राहत नाही. आपण सुनेला हाकललं, एवढंच राहतं. मग तिला शोधायला निघतात. तीन बुधवार झाले. आम्हाला कळेचना, बुधवारीच का? गेल्या वेळी मेट्रोच्या जिन्यावर सापडले, अनवाणी, या थंडीत. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होते, मेरी बहू को देखा क्या, मैंने निकाल दिया उसको. गार्ड मला म्हणतो, कुछ तो शरम करो भाईसाब."

"पण तुझी बायको, रसिका, घरीच असते ना?" क्षिप्रानं विचारलं.

"तिच्या पाया पडले, वहिनी. ती म्हणाली, पप्पा, मी इथंच आहे, कुठं गेले नाही. तर म्हणाले, तू नव्हे, ती दुसरी; तिचं लेकरू पाळण्यात आहे. मग घरभर पाळणा शोधत फिरले. रसिका मोरीत जाऊन रडली."

अंबादास आपल्या हातांकडे बघत होते. "मी फार खरं रडायचो," ते हळूच म्हणाले. "तोच म्हणायचा, अंब्या, आज झकास रडलास."

इतक्यात वीज आली आणि ओट्यावरचा मिक्सर एकदम गुरगुरला. क्षिप्रा धावत जाऊन बंद करून आली.

"शेवटी ती परत येते ना, काका?" विनय विचारत होता. "येत असेल तर तेवढंच म्हणा."

"नाही येत. नदीकाठच्या देवळात जाऊन बसते. खरा चोर सापडतो, तोवर पूर येऊन गेलेला असतो."

"मग तुम्ही म्हणा ना बाबा, येते म्हणून," क्षिप्रा म्हणाली. "काकांना काय कळणारंय?"

"तसं वाक्य नाही त्यात." फाइलीत नसलेला कागद कुणी मागितल्यावर सांगावं, तसं त्यांनी हे सांगितलं. चाळीस वर्षांत त्यांनी त्या नाटकाचा काना इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता.

"आणि म्हटलं तरी दुपारपर्यंत विसरतील," विनय म्हणाला. "आई गेल्याचं परवा पुन्हा सांगावं लागलं. पुन्हा तसेच रडले. डॉक्टर म्हणाले, आता सुधारणा नाही, फक्त सांभाळा."

"मी फोन केला नाही तर मलाही विसरेल तो."

विनय चुळबुळला.

"काका, तुमचं नाव दिवाळीपासूनच नाही त्यांना आठवत. फोन वाजला की म्हणतात, सूनबाईचा फोन आला."

अंबादासांनी मान हलवली, कुणी पत्ता सांगितल्यावर हलवावी तशी. अकराला पाच कमी होते. क्षिप्राला वाटलं, आता ते उठून आत जातील आणि दार लोटून घेतील. ते उठले नाहीत. त्यांनी घसा खाकरला. दोन-तीनदा खाकरला.

"विनय, रसिकाला सांगून एकदाच फोन लाव. नाटकातलं काही म्हणत नाही. त्या सुनेच्या आवाजात एवढंच म्हणतो, मामंजी, मी घरी आले. मग पुन्हा फोन करणार नाही."