जुन्नरची कैरी, कल्याणची बरणी

लोणच्यापायी माझ्या खापरपणजीला घराबाहेर काढलं होतं.

हसू नका. सिरियस मॅटर आहे.

आज तिची पुण्यतिथी. नाव सगुणा. फोटो एकही नाही. आहे ती फक्त तिची ही गोष्ट, आणि ती आम्ही दरवर्षी कॉलर ताठ करून सांगतो.

एकोणिसावं शतक संपत आलेलं. कल्याणला आगगाडी येऊन बरीच वर्षं झालेली, पण जुन्नरचा माल अजून बैलांच्या पाठीवरून नाणेघाट उतरायचा. त्याच वाटेने सगुणा सून म्हणून कल्याणला आली.

पहिल्याच उन्हाळ्यात सासूबाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. जाताना बजावलं, "लोणचं तू घाल. वेळेवर."

सगुणाकडे वेळ होती ती माहेरची. जुन्नरला ज्येष्ठ लागला की कैरी उतरवायची. बाई निवांत थांबल्या.

कल्याणची हवा खाडीकाठची, उबदार. इथे मोहरही आधी, फळही आधी. पण हे तिला सांगणार कोण? घरातल्या पुरुषांना लोणचं फक्त खायचं माहीत!

सासूबाई परतल्या तर परसातला आंबा पिवळा. गावात लोणच्याची कैरी औषधालाही उरली नव्हती.

"वर्षभर पानाची डावी बाजू रिकामी ठेवलीस. माहेरी जा. बोलावल्याशिवाय येऊ नकोस."

त्या काळी अशी माहेरी धाडलेली सून परत येईलच याची खात्री नसे. नवऱ्याचं दुसरं लग्न लावून मोकळे व्हायचे.

भाऊ न्यायला आला. नाणेघाट चढेपर्यंत ती रडत होती.

वर पोचली आणि थांबली. समोर आंब्याचं झाड. कैऱ्या हिरव्यागार, दगडासारख्या.

"दादा, इथे अजून कैरीच आहे रे!"

"असणारच. वर थंडी उशिरापर्यंत राहते, सगळंच मागून येतं."

"मग बैल बघ. मला परत जायचंय."

"अगं, बोलावलंय का तुला कोणी?"

"नाही बोलावलं. तू बैल बघ."

जुन्नरला जाऊन गोणी भरल्या, आणि पाऊस घाटात यायच्या आत ही पोरगी कल्याणच्या दारात उभी! न बोलावता!!

सासूबाईंनी एक कैरी फोडली, चाखली. तोंड आंबट झालं. सगळ्यांना वाटलं, आता काही खरं नाही.

त्या म्हणाल्या, "विळी घे. नुसती उभी राहिलीस तर कधी व्हायचं?"

झालं. पुढच्या वर्षापासून घरात लोणचं दोनदा. आधी खालच्या कैरीचं, मग वरच्या कैरीचं. आजही नौपाड्यातल्या माझ्या वन बीएचकेमध्ये दोन बरण्या असतात, आणि मला त्याचा प्रचंड अभिमान आहे.

यंदा मात्र जुन्नरहून फोन आला. थंडी पडलीच नाही नीट, आंबा आत्ताच पाडाला लागलाय.

मी आईला म्हटलं, "जाऊ दे गं, यंदा एकच बरणी."

आई चपला शोधत होती.

"एकच कशी? जुन्नरच्याही वर डोंगर आहेत की. गाडी काढ."

निघतोय, सगुणाआजी. तुला मनापासून नमस्कार.