जनूभाऊ माईकवाले

कार्यक्रम कुठलाही असो, तो सुरू व्हायच्या आधी माईक चालतो की नाही हे बघावं लागतं. सगळीकडे माईकवाला स्वतः उभा राहून 'हॅलो, हॅलो, वन, टू, थ्री' म्हणतो आणि वायर सरळ करून बाजूला होतो. आमचे जनूभाऊ हे काम स्वतः कधी करत नसत. मंडपात खुर्च्या ओढत फिरणाऱ्या मुलामुलींपैकी कोणाला तरी ते हाक मारत, हातात माईक देत आणि स्वतः मंडपाबाहेर शेवटच्या भोंग्याखाली जाऊन उभे राहत. मुलानं सवयीनं 'हॅलो, वन, टू' सुरू केलं की तिथूनच हात हलवत. "वन टू थ्री माईकला पाठ हाय रं. तुझं कायतरी सांग."

मग ते मूल गांगरायचं, चपलेनं माती उकरायचं आणि काहीतरी बोलायचं. काल आमची म्हैस व्याली. माझ्या मामाचं लग्न मोडलं. मला पोलिसात जायचंय पण उंची भरत नाही. भोंगे गावावर तोंड करून बांधलेले, त्यामुळे भाकऱ्या थापणाऱ्या बायकांपासून पारावरच्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना ते ऐकू जायचं. मामाचं लग्न मोडल्याची बातमी खुद्द मामाच्या घरी अशीच पोचली होती.

आमचं गाव खालापूर तालुक्यात, मोहोपाड्याहून फार लांब नाही. मी मोहोपाड्याच्या एका कारखान्यात हिशेब खात्यात काम करतो. जनूभाऊ आमच्याच आळीत शेवटच्या घरात राहायचे. भाताची थोडी जमीन होती, ती भावाकडे कसायला. यांचा जीव मंडप आणि माईकमध्ये. मला आकडे लक्षात राहतात म्हणून सांगतो : दोन अँप्लिफायर, चार भोंगे, दोन मोठे बॉक्स आणि सामान वाहायला एक तीनचाकी टेंपो, एवढंच भांडवल त्यांनी आयुष्यभर वापरलं. अंगात पांढरा शर्ट, खिशात टेस्टर आणि मनगटात काळ्या चिकटपट्टीचं रीळ कड्यासारखं घातलेलं. जेवतानाही ते काढत नसत.

"आवाज माझ्याकडं भाड्यानं मिळतो, बोलनं तुमी घरून आना," असं ते मुलांना सांगायचे. माईक तोंडाला चिकटवणाऱ्याला म्हणायचे, "खाऊ नको रं त्याला, भुकेला असशील तर आत जेवन हाय." आणि मध्येच माईकनं शिट्टी मारली की गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, "खोटं बोलला वाटतं. मशीनला कळतं." हे खरं मानणारी मुलं होती. त्यांतली एक माझी प्रणाली. तिनं तिसरीत असताना घरी येऊन मला विचारलं होतं, "बाबा, तुमच्या ऑफिसात असं मशीन आहे का?"

मी फार बोलणारा माणूस नाही. जनूभाऊंना त्याची गंमत वाटायची. "सुरेश, तुझं तोंड म्हंजे पगाराची स्लिप रं. लागंल तेवढंच छापलेलं." एकदा मी त्यांना सरळ विचारलं, की मुलांना माईक देण्याचा हा खटाटोप कशासाठी. ते वायरीचं वेटोळं करत होते. हात न थांबवता म्हणाले, "जत्रंत पोराचं नाव माईकवर कधी येतं? हरवल्यावर. निळी चड्डी, लाल शर्ट, पालकांनी स्टेजजवळ यावं. जे पोर हरवलं नाय, त्याचं कोन बोलत नाय. मी म्हनलं, हरवायच्या आधीच त्याला बोलू दे."

प्रणाली नववीत होती त्या वर्षी चैत्रातल्या जत्रेला हे प्रकरण पेटलं. देवीची पालखी गावभर फिरून आली होती. संध्याकाळी देवळासमोर बक्षीस समारंभ होता. पाहुण्यांच्या गाड्या वेशीपाशी आल्याचा निरोप आला. जनूभाऊंनी नेहमीसारखा माईक समोर दिसेल त्याच्या हातात दिला आणि भोंग्याकडे चालू लागले. समोर प्रणाली होती. तिनं एकदा घसा खाकरला आणि म्हणाली, "आमच्या शाळेत मुलींच्या संडासाला आतून कडी नाही. आम्ही जोडीनं जातो. एक आत जाते, दुसरी बाहेरून दार धरते. ज्या दिवशी मैत्रीण येत नाही त्या दिवशी मी पाणी पीत नाही."

आवाज छान लागला होता. पाहुणे गाडीतून उतरत होते, शाळेच्या समितीतले लोक हार घेऊन उभे होते, आणि हे वाक्य चारही भोंग्यांतून गावावर गेलं. कोणीतरी धावत येऊन माईक काढून घेतला. मी मंडपाच्या मागच्या बाजूला होतो. घरात ती हे आम्हाला कधीच बोलली नव्हती.

कडी आठवड्याच्या आत लागली. राग मात्र बरीच वर्षं राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात गावकी बसली. गावकी म्हणजे गावाची बैठक. तिची रीत अशी, की प्रत्येक घरातला एक कर्ता पुरुष येणार आणि घराच्या वतीनं तोच बोलणार. बायका आणि मुलं आवाराबाहेर. गावकीचे प्रमुख महादूतात्या. भला माणूस, पण रीत मोडलेली त्यांना चालायची नाही. त्यांनी जनूभाऊंना समोर बसवलं.

"जनू, माईकचं भाडं गाव देतं. त्यावर पोरीनं पाव्हन्यांसमोर संडासाचं बोलायचं?"

"संडासबी गावाचाच हाय, तात्या."

मागे दोघे-तिघे हसले. तात्यांनी तिकडे बघितल्यावर थांबले. मी उठून म्हटलं, "मुलगी माझी आहे. ती खोटं बोलली असेल तर सांगा, मी तिला घेऊन येतो."

"खोटं नाय रं सुरेश," एकजण म्हणाला, "पन येळ कुठली, पाव्हने कोन, काय बघाल का नाय?"

तात्यांनी निकाल सांगितला. यापुढे टेस्टिंग जनूनं स्वतः करायची. पोरांच्या हातात माईक जाणार नाही असा शब्द द्यायचा. दिला तर गावची सगळी कामं पहिल्यासारखी त्याची. नाही तर जत्रा, गणपती, लग्न, हळद, गावातल्या कोणीही त्याला बोलवायचं नाही.

जनूभाऊंनी मनगटातलं रीळ सरळ केलं. मग म्हणाले, "मी टेस्टिंग केली तर माझाच आवाज तपासून होईल तात्या. तो बरा हाय, मला ठाव हाय." आणि उठता उठता म्हणाले, "नाय जमायचं."

आमच्याकडे हळदीचा कार्यक्रम लग्नापेक्षा मोठा होतो. गावातल्या हळदी गेल्या म्हणजे माईकवाल्याचा हंगाम गेला. कर्जतहून एक डीजेवाला येऊ लागला. त्याच्या बॉक्सनी खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. जनूभाऊ टेंपो घेऊन लांब लांबची कामं धरू लागले, पार ठाकुरवाडीच्या खालच्या पाड्यांपर्यंत. बारशी, साखरपुडे, शाळांची स्नेहसंमेलनं. तिथंही आधी माईक मुलांच्या हातात. त्यांच्या बायको, शेवंतीवहिनी, चिडायच्या. "वन टू थ्री म्हनलं असतं तर जीभ झिजली असती का यांची?" जनूभाऊ शांतपणे म्हणायचे, "झिजली नसती गं. पन पोरांनी परत माईक धरला नसता."

प्रणालीनं हे सगळं मनाला लावून घेतलं होतं. आपल्या तोंडामुळे काकांचं काम गेलं, असं ती म्हणायची. ती माफी मागायला गेली तेव्हा मी बरोबर होतो. जनूभाऊ टेंपोखाली पडून काहीतरी आवळत होते. तिथूनच म्हणाले, "लोकं पाच पाच भाषनं करतात आनि एक खिळा ठोकला जात नाय. तू चार वाक्यात कडी लावलीस. माफी कसली मागतेस? रविवारी ये. एकटी नको येऊ, मैत्रिनींना घेऊन ये."

अशा रीतीनं रविवार सुरू झाले. त्यांच्या सामानाच्या शेडमध्ये, गुंडाळलेल्या सतरंज्यांवर मुलं बसायची. माईक लावलेला असे, पण आवाज शेडबाहेर जाणार नाही इतकाच. नियम दोन. बोलणाऱ्याला मध्ये तोडायचं नाही, आणि आलेल्या मोठ्या माणसानं विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. प्रणालीला न्यायला जायचो तेव्हा मीही दाराशी टेकायचो. दुसरा नियम मला अवघड गेला नाही.

कोणी कविता वाचायचं, कोणी भांडण मांडायचं. नाचणारा एक मुलगा होता, त्याला घरी बायल्या म्हणून चिडवायचे. तो तिथं आपला नाच कसा बसवतो ते समजावून सांगायचा. गणेश नावाचा एक मुलगा कित्येक रविवार नुसता बसून गेला. एकदा उठला, माईक हातात घेतला आणि म्हणाला, "मला काही बोलायचं नाही." मुलं हसली. जनूभाऊ म्हणाले, "हसता काय? हेबी बोलनं झालं. चांगलं स्पष्ट बोलला." पुढच्या रविवारी तो बोलला, आणि मग त्याला थांबवायला घड्याळ दाखवावं लागे.

जत्रेचे दिवस आले की मात्र जनूभाऊ गावात थांबत नसत. लांबचं एखादं काम मुद्दाम धरत. वहिनी एकदा मला म्हणाल्या, "देवीच्या जत्रंत दुसऱ्याचा भोंगा वाजतो, ते त्यांना ऐकवत नाय. बोलत नाहीत. पन पालखी निघाली का टेंपो काढतात." गावातली बाकीची कामं गेल्याचं त्यांना सोसलं होतं. जत्रेचं सोसलं नव्हतं.

वर्षं गेली. रविवारची मुलं मोठी झाली. काही घरांतून गावकीत बापाऐवजी मुलगे बसू लागले, आणि दोन घरांतून, कुरकुर होऊन का होईना, मुली. एकीचा बाप वारला होता. दुसरी प्रणाली; मला फिरती होती म्हणून मी तिला पाठवलं आणि पुढे तीच जाऊ लागली. या मुलांनी गावकीत विषय मांडला. जत्रेचा माईक जनूभाऊंना द्यायचा आणि कार्यक्रमाचा पहिला अर्धा तास गावातल्या मुलांचा. महादूतात्या आता काठी घेऊन यायचे. ती त्यांनी जमिनीवर टेकवली. मग म्हणाले, "माझा इरोध नाय. पन घड्याळ लावा. तो गनेस फार बोलतो."

निरोप घेऊन मीच गेलो. जनूभाऊंनी तो दोनदा सांगायला लावला. मला वाटलं, आनंदानं. पण वहिनींनी कानाकडे बोट दाखवलं. उभा जन्म बॉक्सशेजारी गेला, त्यानं कान नेले होते. "आता आवाज कोन लावनार रं?" ते म्हणाले. "मला काय बी ऐकू येत नाय." मी म्हटलं, मुलं लावतील. तेही दोनदा सांगावं लागलं.

मुलांनी लावला. त्यांचेच जुने भोंगे, त्यांनीच शिकवलेल्या गाठी. जनूभाऊ जन्मात पहिल्यांदा पुढच्या रांगेत खुर्चीवर बसले. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला महादूतात्या. सातवीतली एक मुलगी माईकसमोर आली. तिचं पहिलं वाक्य संपलं तसे जनूभाऊ माझ्याकडे झुकले. "काय बोलली ती?"

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि सांगितलं.

"मोठ्यानं सांग. माझ्या कानात कुजबुजून काय उपयोग?"

मी आवाज चढवला. ती एक वाक्य बोले, मी ते जनूभाऊंना ओरडून सांगे. ती म्हणाली, आमचं खेळायचं मैदान फार्महाऊसच्या प्लॉटमध्ये गेलं. मी म्हटलं, मैदान प्लॉटमध्ये गेलं. ती म्हणाली, आम्ही रस्त्यावर खेळतो तर गाडीवाले हॉर्न मारतात. मी तेही म्हटलं. मग तिनं विचारलं, "आम्ही कुठं खेळायचं?" आणि थांबली. मंडप गप्प झाला. त्या शांततेत माझा आवाज घुमला, "आम्ही कुठं खेळायचं?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. महादूतात्या काठीवर हनुवटी टेकवून म्हणाले, "सुरेश, या वयात तुला काय खेळायचंय रं?" मंडप हसला. ती मुलगीही हसली. जनूभाऊंना यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. ते मुलीच्या तोंडाकडे बघत होते. माझ्या दंडाला धरून म्हणाले, "थांबलास का? ती थांबली का? पुढं काय म्हनते?"

मी पुढचं वाक्य सांगितलं, तितक्याच मोठ्यानं. त्या अर्ध्या तासात जेवढी मुलं बोलली, तेवढ्यांचं सगळं सांगितलं. घरी आलो तेव्हा माझा घसा बसला होता.

त्याच वर्षी भात पोटरीला आलं, लोंब्या फुटायच्या बेतात होत्या, तेव्हा जनूभाऊ गेले. झोपेत गेले. टेंपो त्यांच्या मुलग्यानं विकला. भोंगे वहिनींनी मुलांना दिले, ते प्रणाली आणि गणेश सांभाळतात. मैदानाचं अजून काही ठरलेलं नाही. मुलं दर जत्रेला विचारतात.

मी अजून पुढच्या रांगेत बसतो. माईकवर कोणी मूल बोलायला लागलं की त्याचं वाक्य मी मनात धरून ठेवतो, एक शब्दही सांडू न देता, मोठ्यानं सांगायच्या तयारीत. शेजारी कोणीतरी मोबाईल बघत असतं. त्याला सगळं ऐकू येतं, तो काही विचारत नाही.